खंडेनवमीचं मराठी कार्ड

नाही, नाही, आबा, तिथं नका ठेवू, ते टेबल डुगडुगतं — इथं, खिडकीपाशी ठेवा — आणि ती गोधडी काढा आधी. हसू नको तर काय करू? कॉम्प्युटर आहे हो, बाळंतीण नाही! यावलहून एसटीनं, मांडीवर, वरून गोधडी, आणि हे काय, सुतळी? बरं केलंत बांधलात ते, पळून गेला असता. रागावू नका, तुम्ही मोठे माणूस, केळीवाल्यांच्या सोसायटीचे चेअरमन, तुम्हाला मी हसेन का — पण आधी रेडिओ, मग टीव्ही, आता हे, इतकी वर्षं झाली मला, दुकानात येणारा प्रत्येक जण एकच बोलतो — आम्ही काही केलं नाही, आपोआप बंद पडलं. तुम्हीही पायरी चढता चढता तेच म्हणालात. आपोआप! आपोआप फक्त केस पांढरे होतात, आबा. बसा. आणि मला मिस्तरी म्हणू नका, बाहेर पाटी आहे ना, अभिमन इलेक्ट्रॉनिक्स — मिस्तरी म्हणजे गवंडी.

चालू तर होतंय. ही घरघर ऐका, याच्यापेक्षा पिठाची गिरणी बरी. केव्हाचं हे डबडं? टू-एटी-सिक्स! जळगावात आता कुणी हे दारात उभं करत नाही, आणि तुम्ही याच्यात नवं कोरं मराठी कार्ड घातलंत — का, तर नवा कॉम्प्युटर घ्यायला संचालक तयार होईनात. माहीत आहे मला, सगळ्या सोसायट्यांचं हेच. म्हाताऱ्या बैलाला नवी झूल! पण कार्ड कामाची चीज आहे, त्याला नाव नाही ठेवणार. सभासदांची यादी मराठीत छापून यायला लागली असेल, तोताराम, उखर्डू, झुलाल, ज्याला त्याला आपलं नाव वाचता आलं असेल. हां, आता हे बघा — इंग्रजी नीट येतंय, आणि त्याच्याखाली हा कचरा. चौकोन, शेपट्या, उलट्या टोप्या. चार ओळी. चालू केल्याबरोबर येतात? आधी तिथं काय यायचं? मराठीत काहीतरी यायचं, तुमच्या ऑपरेटरनं लावून ठेवलेलं — काय यायचं पण? वाचलं नाही कधी. वा! वर्षभर पडद्यावर चार ओळी येतायत आणि चेअरमनसाहेबांनी त्या वाचल्या नाहीत. म्हणजे ओळी जागेवर आहेत, कार्डच बोलत नाही. उघडू या. थांबा, हात नका लावू — आधी बटण बंद. आणि नुसतं बटण नाही, भिंतीतली वायरसुद्धा काढायची. मी नेहमी काढतो. आता नेहमी काढतो.

अरे देवा. अरे देवा, आबा, हे काय केलंय? या इकडे, चष्मा लावा आणि या. ही जी पट्टी दिसते ना, पिवळी, सोन्याच्या दातांसारखी — हे दात खाली फटीत बसतात, तेव्हा कार्ड बोलतं. आणि त्या दातांवर हे लालभडक काय आहे? कुंकू! थापलंय अगदी, कपाळाला लावावं तसं. आणि हे — थांबा, चिमटा कुठं गेला — हे बघा, फटीतून काय निघालं. तांदूळ. हळद लावलेला तांदूळ. अजून एक. अक्षता! इथं यंत्र आहे का मांडव आहे? लग्न लावलंत कोणाचं? खंडेनवमीला ना? अहो, खंडेनवमीला पूजा सगळेच करतात, मीही करतो, हा चिमटा, तो मीटर, ओळीनं मांडून फूल वाहतो — पण मी मीटरच्या पोटात हळद नाही ओतत! तुम्ही तराजू मांडला असेल, टाइपरायटर मांडलं असेल, फवारणीचा पंप मांडला असेल, त्याला काय व्हायचंय. पण हे कार्ड आतलं. ते स्क्रू काढून बाहेर कोणी आणलं?

ऑपरेटर बाईनं. हां, म्हणजे बाईचा प्रताप. नाव काय तिचं?

कुंदाबाई. शिंदखेड्याची? उंच, बारीक, बोलताना खाली बघते ती? ती तुमच्याकडे आहे? तरीच. तरीच म्हटलं कुंकू! आबा, तुम्हाला सगळ्या खानदेशात दुसरी कोणी मिळाली नाही? शिंदखेड्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये होती ती, दोन वर्षांपूर्वी, तिथंही हेच, असंच मराठी कार्ड, असंच कुंकू, आणि — ऐकलंय तुम्ही? तिनं तिथलं मशीन जाळलं हे यावलपर्यंत आलं? कोणी सांगितलं? असंच, कानावर आलं. हं. गोष्टींना बरे पाय फुटतात.

रबर द्या ते. पेन्सिलचं रबर हो, तुमच्या कोपरापाशी आहे. आता बघा, असं हलक्या हातानं घासायचं, एकाच दिशेनं. तुम्ही बोला, मी घासतो. तर बाईनं कार्ड काढलं. का पण? तिला काय स्वप्न पडलं? कोणी म्हणालं का, की जुन्या डबड्याला कुंकू लावून काय उपयोग, नवी वस्तू तर आत आहे, ती बाहेर काढा — असं कोणीतरी म्हणालं असणार. कोण म्हणालं? ... तुम्ही! बरं. ती नको म्हणाली असेल. म्हणाली? आणि तुम्ही म्हणालात, वर्षाचा सण आहे, काढ. मग तिनं काढलं, कागदावर ठेवलं, आणि म्हणाली, कोपऱ्याला टिकली लावा फक्त. आणि कुंकू कोणी लावलं? बोट कोणाचं, आबा? कोपरा सोडून दातांवरून बोट फिरवलं कोणी? — चमकत होतं म्हणून! सोनं दिसलं म्हणून! धन्य आहे. लक्ष्मी म्हणून जी जागा धरायची नाही तीच धरलीत. आणि मशीन उघडं असताना सगळ्या संचालकांनी अक्षता टाकल्या. तिनं परत बसवलं तेव्हा तांदूळ तिला दिसले नसतील, फट अंधारी असते. यात तिनं काय केलं? काय केलं तिनं, सांगा ना मला?

म्हणजे कागद हवाय तुम्हाला. आत्ता कळलं. नुसती दुरुस्ती नकोय — माझ्या लेटरहेडवर, ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे कार्ड जळाले, खाली माझी सही. सोमवारी सभा आहे. आणि तिच्या जागेवर कोण येणार? लाजताय काय, सांगा. पुतण्या! दीड महिन्याचा कॉम्प्युटर कोर्स केलेला पुतण्या! अहो, मला वाटलंच होतं, त्या गोधडीच्या खाली काहीतरी गुंडाळलेलं आहे म्हणून. बोट तुमचं, अक्षता संचालकांच्या, आणि घरी जाणार ती! चेअरमन आहात ना तुम्ही? सभेत उभं राहून म्हणता येत नाही, बाबांनो, माझ्या हातून झालं? जीभ झडते? माणसाला एवढी कसली भीती असते हो? दोन मिनिटं खाली बघावं लागलं असतं, झालं. तेवढ्यासाठी एका बाईची नोकरी! मला अशा माणसांचा राग येतो, आबा, तोंडावर सांगतो, मग तुम्ही गिऱ्हाईक राहा नाहीतर जा.

हे बघा, निघालं. रबरानं निघालं सगळं. जळालंबिळालं काही नाही. कुंकवानं काय जळणार, कुंकू मध्ये आलं की दात टेकत नाहीत, एवढंच, कार्ड मुकं होतं, मरत नाही. शेंबड्या पोरालाही — काय?

काय म्हणालात?

शिंदखेड्याचं. तिथं कसं जळालं. हां, तिथं ... तिथली गोष्ट वेगळी. तिथं कुंकू जास्त होतं. नाही, जास्त म्हणजे ... ओलं होतं. अहो, तुम्हाला काय कळतं त्यातलं! तिथं मी स्वतः होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं. मीच बसवत होतो कार्ड. मॅनेजर डोक्यावर उभा, सुकदेवसेठ नावाचा, हातात घड्याळ, अभिमनभाऊ आटपा, कापसाच्या गाड्या उभ्या आहेत, पावत्या काढायच्या आहेत. आणि ते मशीन तुमच्यापेक्षा म्हातारं, एकदा बंद केलं की चालू व्हायला नखरे — चार-चार वेळा बटण दाबा तेव्हा जागं व्हायचं. मला धुळ्याची गाडी गाठायची होती. बंद करून परत चालू झालं नाही तर तो सेठ माझ्याच नावानं बोंबलणार. म्हणून मग ... सगळेच करतात तसं कधीकधी. घाईत. कुंदाबाई शेजारी उभी होती, कार्डाच्या कोपऱ्यात टिकली लावून तिनंच ते माझ्या हातात दिलं होतं. कोपऱ्यात, हां, दातांवर नाही. आणि मी आत हात घातला तशी म्हणते, भाऊ, वायर काढी ल्या ना, बठ्ठं जळी जाई. मी म्हटलं, सगळं कसं जळेल, बाई, तू टाइप कर, मला शिकवू नको.

मग काय, मग झालं. ठिणगी. वास. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. कार्ड गेलं, मशीनही गेलं. सेठ धावत आला, कार्ड हिसकावलं माझ्या हातातून, म्हणे हे लाल काय आहे? आता, मी काही बोललो नाही, आबा. देवाशपथ, मी तिचं नाव घेतलं नाही. त्यानं विचारलं, लाल काय आहे, आणि मी फक्त तिच्याकडे बघितलं. बघणं म्हणजे काय सांगणं आहे का? पुढचं त्याचं त्यानं जोडलं. नंतर कागदावर लिहावं लागतं, काय झालं ते, मी लिहिलं — बाहेरचा पदार्थ लागल्याने शॉर्ट. खोटं आहे का ते? पदार्थ होताच की. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पिशवी उचलून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तोंड होतं ना तिला?

तुमच्याकडे येईपर्यंत वर्षभर कुठं लागली नाही? कुठंच नाही? धुळ्यातसुद्धा नाही. शिरपूरला गेली होती, तिथून परत पाठवली ... मशीन जाळणारी बाई म्हणून. आणि आता यावलला खोली करून राहते, आईला घेऊन. मला कशाला सांगताय हे? मला काय करायचंय? लोकांच्या नोकऱ्या सांभाळायला बसलोय का मी इथं? रबर घासायचं काम दिलंत, ते केलं. सरका, उजेड अडवताय.

बसलं. वायर लावतो. आता बटण. घरघर, घरघर — आली तुमची गिरणी. आता तो कचरा जिथं येत होता तिथं बघा. आलं! झकास आलं मराठी, काना-मात्रेसकट. हे बघा तुमच्या चार ओळी, वाचा आता तरी. चष्मा पुसताय काय, मी वाचतो —

“यंत्र उघडण्यापूर्वी आधी बटण बंद करावे. नंतर भिंतीतली वायर काढावी. घाई असली तरी काढावी. — कुंदाबाई.”

...

नाही, काही नाही. मी वाचलं ना, तेवढंच आहे. पुन्हा कशाला वाचू? घाई असली तरी म्हणजे घाई असली तरी, त्यात काय समजायचंय. तिनं माझं नाव नाही लिहिलं. रोज सकाळी चालू केलं की हे येतं? वर्षभर? आणि कोणाला काही बोलली नाही. तुम्हालासुद्धा नाही.

कागद? नाही देत कागद. लेटरहेड संपलंय म्हणा, अभिमन माजलाय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. कार्ड चांगलं आहे, सभेत हे डबडं चालू करून दाखवा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा बोट कोणाचं होतं ते. ... आणि शिंदखेड्याचं विचारलं तर? विचारतील, हो, संचालक विचारणारच. सांगा त्यांना, तिथं तिची काही चूक नव्हती. तिथं मिस्तरीला घाई होती. हां, मिस्तरीच म्हणा. आणि कोण मिस्तरी असं विचारलं तर —

तर ...

थांबा, तुम्ही हात नका लावू, मी बंद करतो. आधी बटण. मग वायर. उचला, आबा, यावलची गाडी लागली असेल. पैसेबिसे नकोत मला, उचला म्हणतो ना. आणि तुमची गोधडी राहिली, ती घ्या.