रोजची गोळी

लातूरच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी देवणीचे भुजंगराव आणि गुणाबाई बसले होते. खोंडानं शिंग मारल्यानं भुजंगरावांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. नर्स माहिती लिहून घेत होती.

"काका, काही औषधं चालू आहेत?"

"न्हाई. ठणठणीत हाय."

"अवं, अन् सकाळची गोळी?"

"ती औषध हाय व्हय? तीन वर्सं झाली, चहासंगं खातो रोज."

"कशाची गोळी, मावशी?"

"काळजाची झडप बदलली न्हवं, तवापासून रक्त पातळ करायची."

"अहो काका, हे आधी सांगायचं! या गोळीवर डोक्याला मार लागला तर आत रक्त साचू शकतं. चला, तुमचा स्कॅन सगळ्यांच्या आधी."

"लोकं बोंबलतील की."

"बोंबलू द्या. उठा."

अर्ध्या तासानं तिघं बाहेर आले.

"आत्ता तरी रक्तस्राव नाही, काका. पण तो उशिराही होतो. उद्यापर्यंत इथंच थांबायचं."

"डोकं सुदीक दुखंना. मी खोंडाला वैरण टाकून सकाळी येतो की."

"मावशी, यांना समजवा."

"समजवून कवा ऐकलंय त्यांनी?"

"गुणे, स्कॅनला काढलेल्या माझ्या चपला कुठं हायत?"

"माझ्या पिशवीत. उद्या देते."