टाकीतले आठ लिटर

मिस्त्री : ताई, मी काय सांगतो ते ऐका. काटा बरोबर आहे.

मुलगी : नक्की?

मिस्त्री : टाकी तुमच्यासमोर कोरडी केली. मापाच्या कॅनने पाच लिटर ओतलं. टाकी चाळीस लिटरची. पाच म्हणजे आठवा हिस्सा. बघा बरं, काटा कुठे आहे?

मुलगी : आठव्या हिश्शावर.

मिस्त्री : केसभर इकडेतिकडे नाही. एवढ्या जुन्या गाडीत इतका शहाणा काटा मी तरी पाहिला नाही.

बाबा : परत बघा.

मिस्त्री : काका, तीनदा बघितलं. टाकीकडून येणारी वायर काढली, काटा खाली बसला. वायर बॉडीला टेकवली, टपकन वर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. आता काट्याला उभं करून शपथ घ्यायला लावू का?

बाबा : काटा ‘संपलं’ म्हणतो तेव्हा टाकीत आठ लिटर असतं.

मुलगी : बाबा, पुन्हा तेच!

बाबा : तेच आहे म्हणून तेच सांगतोय.

मिस्त्री : आठच? सात नाही, नऊ नाही?

बाबा : आठ. थोडं वर, पण आठ धरायचं.

मुलगी : गेल्या बुधवारी पुलावर होतं का आठ लिटर? मिस्त्री, तुम्हीच सांगा. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालाय. बाबा तिला व्यायामाला घेऊन निघाले आणि गाडी पुलाच्या मधोमध बंद. मी कॅन घेऊन पोचेपर्यंत पाऊण तास ती उन्हात कठड्याला धरून उभी. मागे गाड्यांची ही रांग. आणि हे तिथल्या पोलिसाला पटवून देतायत, साहेब, टाकीत आठ लिटर आहे!

बाबा : त्याने विचारलं म्हणून सांगितलं.

मुलगी : त्याने विचारलं होतं, आजोबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?

बाबा : मला बरंच वाटत होतं. मिस्त्री, मागचं दार उघडं आहे का?

मिस्त्री : उघडंच आहे. काय हवंय?

बाबा : काही नको. तुमचं चालू द्या.

(बाबा गाडीला वळसा घालून मागच्या सीटवर जाऊन बसतात. मुलगी आवाज खाली आणते.)

मुलगी : मिस्त्री, मनातलं सांगू? काटा बिघडलेला निघावा म्हणून मी सकाळपासून देवाचा धावा करतेय.

मिस्त्री : लोक इथे येऊन उलटी प्रार्थना करतात.

मुलगी : काटा खोटा निघाला असता तर बाबा खरे ठरले असते. तुम्ही काटा बरोबर म्हणालात आणि तीही आशा गेली. यांनी जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली हो. कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर दोर घासतो ते झोपेत सांगायचे. आणि आता समोर रिकामं दिसतंय, तरी भरलेलं म्हणतात. कशावरून म्हणून विचारलं तर तोंडात मूग. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. विसरभोळेपणाचे डॉक्टर असतात ना, ते. भाऊ म्हणतो आधी गाडी विकून टाक. यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

मिस्त्री : आता कळलं असेल. दार उघडं आहे, ताई.

बाबा : कान अजून जागेवर आहेत माझे.

मुलगी : बाबा, मी…

बाबा : असू दे. मिस्त्री, इकडे या. मी उतरतो, तुम्ही ही सीट उचला. खाली गोल झाकण आहे. टाकीतला फ्लोट बाहेर काढा.

मिस्त्री : कशाला? वरून सगळं ठीक दिसतंय म्हटलं ना.

बाबा : त्याचा दांडा वाकडा असायला हवा. मी वाकवलाय.

मुलगी : तुम्ही? कधी?

बाबा : तू पाच वर्षांची होतीस तेव्हा. तुझी आई तेव्हा शाळेत शिकवायला जायची, तीस किलोमीटर. काटा खाली टेकला तरी पंपावर थांबायची नाही. ‘अजून जाईल’ म्हणायची. दोनदा अडकली. दुसऱ्यांदा तू मागे होतीस, तापाने फणफणलेली. आजूबाजूला माणूस नाही, दुकान नाही.

मुलगी : एका ट्रकवाल्याने सोडलं होतं आम्हाला. त्याच्याकडे पिवळा टॉवेल होता, तेवढं आठवतं.

बाबा : त्या रविवारी मी पक्कड घेतली आणि दांडा वाकवला. फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याच्या दांड्यावर काटा हलतो; दांडा वाकवला की काटा कमी दाखवतो. काटा शून्यावर आला तरी आठ लिटर शिल्लक. मोजून केलं. हातचं राखून ठेवलं म्हण. मग ती खुशाल ‘अजून जाईल’ म्हणो, जायचीच गाडी.

मिस्त्री : आणि काकूंना सांगितलं नाही.

बाबा : सांगितलं असतं तर तिने ते आठही धरून चालवली असती. तुम्ही ओळखत नाही तिला.

मुलगी : बाबा! आई आजही चारचौघांत सांगते, मला गाडीची नाडी कळते, मी परत कधी अडकले नाही म्हणून.

बाबा : ऐकतो ना मी. तीस वर्षं ऐकतोय. म्हणून तर पोटात ठेवलं. तिच्यासमोर तू ‘कशावरून’ विचारलंस, काय सांगणार होतो?

मिस्त्री : थांबा, थांबा. सीटखाली इंचभर धूळ आहे, आणि या झाकणाचे स्क्रू बघा. चकाचक. रबर नवं. काका, इथे कोणाचा तरी हात लागलाय, आणि फार दिवस झालेले नाहीत.

बाबा : माझा नाही.

मिस्त्री : हे घ्या, काढला. दांडा कसा आहे?

बाबा : सरळ.

मिस्त्री : सरळ, आणि कोरा. कंपनीचा शिक्कासुद्धा पुसलेला नाही. हा तुमचा फ्लोटच नाही, काका. कोणीतरी बदललाय.

मुलगी : अगं बाई.

बाबा : काय झालं?

मुलगी : सर्व्हिसिंग. तुमच्या पंचाहत्तरीला मी आणि भावाने गाडीचं सगळं काम करून दिलं ना? माझ्या ऑफिसजवळच्या गॅरेजात. मी त्यांना म्हटलं, जे जे बिघडलंय ते ते नीट करा, आम्हाला विचारत बसू नका. त्यांनी यादी दिली होती. त्यात होतं, टाकीचा काटा कमी दाखवतो, युनिट बदललं. मी वाचलं, बाबा. वाचून मला आनंदच झाला. म्हटलं, बरं झालं, एक दुखणं गेलं.

मिस्त्री : त्या गॅरेजवाल्याची काही चूक नाही. वाकडा दांडा दिसला की मीही बदलला असता.

बाबा : गाडी परत आली तेव्हा काटा वर होता. मला वाटलं, पोरीने पेट्रोलही भरून दिलं.

मुलगी : नव्हतं भरलं.

मिस्त्री : पण काका, त्यानंतर पेट्रोल भरताना कळलं कसं नाही? टाकी फुल केली की काटा पूर्वीपेक्षा वर गेला असता.

बाबा : मी फुल करतच नाही. काटा शून्यावर आला की वीस लिटर घालतो, काटा अर्ध्यावर येतो. पूर्वीही अर्ध्यावर यायचा, आताही आला.

मिस्त्री : पूर्वी अठ्ठावीस असताना अर्धा, आता वीस असताना अर्धा. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. कमाल आहे! पुलाच्या आधी कधी अडकला नाहीत?

बाबा : एकदा. महिन्यापूर्वी, घराजवळच. चालत जाऊन पेट्रोल आणलं. वाटलं, कोणीतरी काढून घेतलं. म्हणून टाकीला कुलपाचं झाकण बसवलं.

मुलगी : मला बोलला नाहीत.

बाबा : उगीच तुला घोर कशाला? मग पुलावर बंद पडली. उतरून आधी कुलूप बघितलं. जसंच्या तसं. तेव्हा मात्र मी चरकलो.

मुलगी : पण पोलिसाशी तर ठामपणे बोलत होतात.

बाबा : तोंडाने बोलत होतो गं. आठ दिवस झाले, रोज सकाळी उठल्या उठल्या सतराचा पाढा म्हणतोय. मग मनात सगळ्या इमारतींची नावं घेतो, ओळीने. काल एक आठवेना. तासभर गॅलरीत बसून होतो. आठवली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मला तुझा राग नाही. मलाही तुझंच खरं वाटायला लागलं होतं.

मुलगी : बाबा, चुकलं माझं. फार चुकलं. गाडी तुमची, आणि तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. डॉक्टरांची वेळही तशीच घेऊन मोकळी झाले. आत्ताच्या आत्ता रद्द करते.

बाबा : राहू दे. जाऊन येऊ. पंचाहत्तर म्हणजे काही कोवळं वय नव्हे. पण इथून पुढे माझ्याबद्दल काही ठरवाल तेव्हा मला खोलीबाहेर ठेवू नका.

मुलगी : नाही ठेवणार. आणि गाडी विकायचा विषय भावाशी मीच संपवते.

बाबा : त्याला ओरडू नकोस. आपल्या घरात काळजी चोरूनच घेतात. सुरुवात मीच केली, पक्कड घेऊन.

मिस्त्री : मग आता मी काय करू ते सांगा. म्हणाल तर हा दांडा वाकवून देतो, होता तसा. दोन मिनिटांचं काम आहे.

मुलगी : बाबा सांगतील.

बाबा : सरळच बसवा. आता माहीत झालंय, तेवढं पुरे.

मिस्त्री : काकूंच्या गुडघ्याला आराम पडून त्या परत चालवायला लागल्या, तर?

बाबा : तिला सांगतो. आजच.

मुलगी : आज? चिडेल ती. तीस वर्षांची नाडी एका मिनिटात खोटी ठरवणार तुम्ही.

बाबा : चिडू दे. बोलणी खाईन. मिस्त्री, झाकण घट्ट करा, पेट्रोलचा वास येता कामा नये.

मिस्त्री : काळजी नको.

मुलगी : थोडे दिवस जाऊ द्या ना, बाबा. तिचा गुडघा तरी बरा होऊ दे.

बाबा : नको. तू कॅन घेऊन येईपर्यंत पाऊण तास मी तिच्या शेजारी उभा होतो. पोलीस हसत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. तिचा पाय थरथरत होता, मला दिसत होतं. पण बोलली एवढंच, ‘तुम्ही म्हणताय ना आठ लिटर आहे, मग असेल.’