टोकलेला अडुळसा

पलूसच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता आणि कान रिकामेच होते. शेजारच्या बाकावर नाथाजी नावाचे एक म्हातारबा खोकत बसलेले, त्यांना खेटून त्यांची बायको रंगूबाई.

"महिनाभर त्या हौसाचा काढा पिताय. आला गुण?"

"तिच्या अडुळशानं गावातल्या समद्यांचा खोकला गेला गं. माझाच तेवढा ऱ्हायला."

"कसा जाईल? पाला मुक्यानं तोडावा लागतोय. मदी कुणी टोकलं की औषधाचा गुण गेला."

"एवढ्या पहाटं तिला कोण टोकतंय?"

"मी! बांधावर हुबी ऱ्हाते आन इचारते, हौसाबाई, कुठं निघालीस?"

"आगं, पहाटंचा पाला ती माझ्यासाठी तोडती!"

"म्हाईत हाय की. दुसऱ्यांच्या पाल्यासाठी मी कशाला झोपमोड करू?"

"आन माझा खोकला?"

"घरात मी असताना काढा पाजणारी ती कोण? उद्या मीच आणते पाला."

"मुक्यानं आणायचा असतोय, रंगू."

"व्हय, मुक्यानंच आणते. फकस्त जाताना हौसाच्या दारात तेवढं सांगून जाईन."