भिंतीपलीकडचं गिलकं

बायांनो, संस्थानं विलीन होत होती तेव्हाची आमच्या बुधवारा मोहल्ल्यातली गोष्ट. भर उन्हाळ्यात सासूबाईंनी बादल्या ओतून गिलक्याचा वेल जगवला. पहिलं गिलकं धरलं ते नेमकं भिंतीपलीकडे, आणि शेजारच्या शांताने ते तोडून भाजीही केली.

सासूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "शांते, वेल माझा आहे."

"असू दे की, माई. राजे लोक राज्यं सोडून राहिले, तुम्हाला एक गिलकं सोडवेना?" असं म्हणत तिने वाटीभर भाजी दिली.

सासूबाईंनी नाक मुरडत वाटी पुसून खाल्ली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. मला वाटलं, लोणचं घालतील. त्यांनी गिलक्याचं बी घातलं.

"सूनबाई, देऊन ये. म्हणावं, आता पाणी तू घाल."