पंगतीतून उठलेला

ग्यु-जिन : लिहिणारच नव्हतो मी हे. खरं सांगतो, दादा. सकाळपासून तीनदा फाडलं.

मान-होक : मग चौथ्यांदा कशाला लिहिलंस? तुमच्या विभागाच्या पे साहेबांनी तयार कागद दिलाय ना तुला? खाली सही ठोकायची, विषय संपला.

ग्यु-जिन : त्यात खोटं आहे.

मान-होक : तू काय कोर्टात उभा आहेस? झेरॉक्सच्या खोलीत उभा आहेस. आणि पाच मिनिटांत साहेब येतायत कागद न्यायला. दाखव बरं, काय तारे तोडलेत.

ग्यु-जिन : ‘मी, यू ग्यु-जिन, डिझाइन विभाग. गेले तीन महिने दुपारी एकटा जेवतो. कंपनीमागच्या तलावाच्या बांधावर. मला कुणी वाळीत टाकलेलं नाही. कुणी छळत नाही. मला तिथं बरं वाटतं.’

मान-होक : पुढं?

ग्यु-जिन : झालं.

मान-होक : एवढंच? ‘बरं वाटतं’ म्हणे! अरे बाबा, छळ झालेला माणूस डिट्टो हेच लिहितो. वरचे म्हणतील, पोराला दम दिलाय. निनावी तक्रार काय म्हणते? डिझाइनवाले या पोराला जेवायला घेत नाहीत, ते एकटं तलावावर बसून किंबाप, भाताची ती गुंडाळी, खातं. आता तर कामावरच्या छळाविरुद्ध कायदाही आहे. चौकशी लागली साहेबांची.

ग्यु-जिन : तुला तक्रारीतलं बरंच पाठ आहे.

मान-होक : अख्ख्या चांगवॉन शहराला पाठ आहे! आमच्या स्टोअरमध्ये तर दुसरा विषयच नाही. ते सोड. महिनाअखेर तुझी कंत्राटाची दोन वर्षं भरतात. कायम होणार की घरी जाणार, ते पे साहेबांच्या एका शेऱ्यावर आहे. आणि तू त्यांनाच नाही म्हणतोयस. जेव की गप चारचौघांत! काय झिजतं तुझं?

ग्यु-जिन : पोट.

मान-होक : काय?

ग्यु-जिन : तुला कधी बोललो नाही. बारा वाजले की आमचे आठ जण त्या हाडांच्या रश्श्याच्या खानावळीत. साहेब मागवतील तेच सगळ्यांना. मी सगळ्यात लहान, म्हणून चमचे मी मांडायचे, पाणी मी ओतायचं. साहेबांनी चमचा उचलला की आपण उचलायचा. त्यांनी ठेवला की आपणही ठेवायचा. आणि साहेब सात मिनिटांत संपवतात. उकळता रस्सा, दादा! सात मिनिटांत!

मान-होक : सक्तीच्या लष्करी नोकरीत भाजून भाजून जीभ निबर झाली असेल त्यांची.

ग्यु-जिन : माझी नाही झाली ना. रोज अर्धं टाकून उठायचो, वर हसायचो. तीनच्या सुमाराला पोटात अशी कळ यायची की टेबलाची कड धरून बसायचो. दोनदा नळी घालून तपासलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, जरा निवांत राहा. निवांत! दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी हा शब्द वापरला माझ्यासमोर.

मान-होक : मग बांधावर निवांत?

ग्यु-जिन : एक किंबाप घेतो. बारा तुकडे असतात. पाऊण तास पुरवतो. कधी दोन तुकड्यांच्या मधे नुसता पाण्याकडं बघत बसतो. एक बगळा येतो, तोही एकटाच असतो. त्याची कुणी तक्रार केली नाही अजून. तीन महिन्यांत एक गोळी घेतलेली नाही मी.

मान-होक : हे... हे मला आधी का नाही सांगितलंस?

ग्यु-जिन : काय सांगायचं? जेवतोय, म्हणून?

(पे साहेब आत येतात. दार लावतात.)

पे साहेब : झाली का सही? आणि हा स्टोअरवाला इथं काय करतोय?

मान-होक : झेरॉक्स काढायला आलो होतो, साहेब.

पे साहेब : कागद कुठाय तुझा? बरं, असू दे. ग्यु-जिन, सही.

ग्यु-जिन : नाही करत, साहेब. तुमच्या कागदावर लिहिलंय, ‘आजारी होतो, आता बरा आहे, उद्यापासून सगळ्यांसोबत जेवेन.’ मी आजारी सगळ्यांसोबत होतो. बरा एकटा झालो. उलटं लिहिलंय तुम्ही.

पे साहेब : हे बघ. मी वाईट माणूस आहे का?

ग्यु-जिन : नाही.

पे साहेब : कधी शिवी दिली? कधी अंगावर ओरडलो?

ग्यु-जिन : नाही. आई वारली तेव्हा गाडी काढून गावापर्यंत सोडलंत. विसरलेलो नाही.

पे साहेब : मग? घरी बायको विचारते, पोराला उपाशी ठेवता का म्हणून. मी! अरे, माझ्या ताटातली मुळ्याची आंबट-तिखट किमची मी तुझ्या वाटीत घालायचो!

ग्यु-जिन : मला मुळा आवडत नाही, साहेब.

पे साहेब : ...दोन वर्षं खाल्लीस की.

ग्यु-जिन : तुम्ही वाढली होती.

पे साहेब : बरं. मुळा बंद. आणि मी पंधरा मिनिटं घेईन. वीस! झालं? तुझ्यासाठी वीस मिनिटं चमचा हातात धरून बसेन मी.

ग्यु-जिन : मग तुम्ही मला बघत बसाल. साहेब, सकाळी नऊपासून रात्री सातपर्यंत मी तुमचा. सांगाल ते करतो. त्यातला एक तास माझा आहे. कंपनीच्या नियमातही तो माझाच लिहिलाय. त्या तासात मी कुणाशी भांडत नाही, कुणावर रुसत नाही. मला फक्त बोलायचं नसतं. दुपारनंतरचा ग्यु-जिन सगळ्यांना बरा वाटतो ना? तो तिथं तयार होतो.

पे साहेब : माणसानं माणसांत जेवावं. एकटं काय जनावर जेवतं.

ग्यु-जिन : मग जनावर म्हणा. पण सही नाही.

मान-होक : अरे, जरा तरी...

ग्यु-जिन : तू थांब, दादा. साहेब, माझं ड्रॉइंग चुकलं का कधी? त्यावरनं बनवलेला व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाकडून परत आला का एक तरी?

पे साहेब : नाही आला.

ग्यु-जिन : मग शेरा त्याच्यावर लिहा. जेवणावर लिहायचा तर तोही लिहा, मी घरी जाईन. पण तिथंही एकटाच जेवणार आहे. आणि वर जाऊन, तोंडानं सांगतो मी, की पे साहेबांनी कधी छळलं नाही.

पे साहेब : तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? घाबरून बोलतोय म्हणतील. ज्यानं तक्रार टाकली त्यानंच मागं घेतली तर गोष्ट वेगळी. आणि तो तर निनावी. हिंमत कुठाय नाव लिहायची!

मान-होक : मी टाकली, साहेब.

पे साहेब : काय?

मान-होक : स्टोअरच्या खिडकीतून बांध दिसतो. रोज याची पाठ दिसायची. मी... जातो वर. नाव सांगतो. चुकलं म्हणतो.

पे साहेब : तू याचा मित्र ना रे? रोज बसनं एकत्र जाता ना?

मान-होक : म्हणूनच टाकली.

पे साहेब : डोकं फिरलंय तुमच्या पिढीचं. एक सांगत नाही, दुसरा विचारत नाही, आणि अब्रू माझी जाते! आत्ताच्या आत्ता वर जा. आणि तू, दे तो तुझा कागद. हाच नेतो. ‘बरं वाटतं’... एवढं एकच वाक्य लिहायला कागद वाया घालवलास. कायम होशील की नाही ते आत्ता नाही सांगत. डोकं शांत झालं की शेरा लिहीन.

ग्यु-जिन : बरं, साहेब.

पे साहेब : आणि मुळा आवडत नाही हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं.

मान-होक : ...गेले. बोल आता. शिव्या घाल.

ग्यु-जिन : माझी पोटापाण्याची गोष्ट होती, दादा. मला विचारायचंस ना. रोज पाऊण तास शेजारी बसतोस बसमध्ये.

मान-होक : विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?

ग्यु-जिन : बरंय म्हणालो असतो.

मान-होक : तोही हेच म्हणायचा.

ग्यु-जिन : कोण?

मान-होक : लष्करात आमच्या तुकडीत होता एक. बो-ग्युन. ताट घेऊन गोदामामागं जाऊन बसायचा. आम्ही म्हणायचो, आवडत असेल एकटं, बसू दे. मी विचारायचो, बरा आहेस ना? बरंय म्हणायचा. थंडी संपायच्या आत त्यानं जीव दिला. बाहेरून दोघं सारखेच दिसता रे तुम्ही. मला तिसऱ्या मजल्यावरून नुसती पाठ दिसते. त्यातनं काय ओळखू मी?

ग्यु-जिन : ...मी तो नाही, दादा.

मान-होक : आज कळलं. उशिरा कळलं.

ग्यु-जिन : उद्याही मी तिथं जाणार. एकटा. तू सोबत येतो म्हणालास तरी नेणार नाही.

मान-होक : नाही म्हणत. खिडकीतूनही बघणार नाही.

ग्यु-जिन : बघ खुशाल. साहेबांना, डॉक्टरला, वरच्या मजल्याला मी काय वाटेल ते सांगेन. पण तुला खोटं ‘बरंय’ कधी म्हणणार नाही. शब्द देतो.