संपतरावांच्या नावाची कमान

शेवंता : ही पोह्यांची परात बघा, भावजी. डावसुद्धा लागलेला नाही. उचला आता, आणि त्या तुमच्या कमानीला नैवेद्य दाखवून या.

हिंमतराव : वहिनी, कमान माझी नाही. बाजाराच्या व्यापार मंडळाची आहे.

शेवंता : आणि मंडळाचा सेक्रेटरी कोण?

हिंमतराव : मी. पण सेक्रेटरी फक्त लिहितो हो.

शेवंता : मग लिहा! सोमवारपासून कंपनीची बस बाजारात आलेली नाही. पोरांना हायवेवरच उतरवतात. तिथून शेअर ऑटो, की सरळ फॅक्टरीचं गेट. माझ्या दुकानापुढून आता फक्त कुत्री जातात, तीही कुठंतरी जेवून आलेली.

हिंमतराव : बसच उंच, कमानीखालून जात नाही, त्याला मंडळ काय करणार?

शेवंता : बस आज वाढली का? बांधताना मोजलं नव्हतं?

हिंमतराव : बिल्कुल मोजलं होतं. बस खाली उभी केली, मी स्वतः टपावर चढलो. वर हातभर जागा होती.

शेवंता : मग ती गेली कुठं?

हिंमतराव : रस्ता वर आला.

शेवंता : काय आला?

हिंमतराव : रस्ता. कमानीच्या उद्घाटनासाठी मंडळानं नवा मंजूर करून आणला. ठेकेदारानं जुना न खोदता वरच थर टाकला. मग दुकानांत पाणी शिरलं म्हणून आम्ही पुन्हा अर्ज केला, त्यानं पुन्हा थर टाकला. विकास आहे, वहिनी. वरच जाणार.

शेवंता : वर कमान, खाली रस्ता, आणि मधे चेपली मी!

हिंमतराव : मंडळ गप्प बसलेलं नाही. ड्रायव्हरला विनंती केलीय, कमानीखाली येताना टायरमधली थोडी हवा सोडावी.

शेवंता : आणि पलीकडे गेल्यावर?

हिंमतराव : पंक्चरवाला सभासदच आहे आपला. सूचना त्याचीच.

शेवंता : मला सांगताना तरी लाज वाटू द्या. दिवाळीपर्यंत असंच चाललं, तर शटर ओढून मला गावी साताऱ्याला जावं लागेल. पाडा ती कमान.

हिंमतराव : ते नाही जमणार. भावना दुखावतील.

शेवंता : कुणाच्या?

हिंमतराव : तुमच्या. दादांचं नाव आहे ना तिच्यावर. आपले अध्यक्ष प्रधानजी म्हणाले, संपतरावांच्या विधवेला दुःख होईल असं मंडळाकडून काही होता कामा नये.

शेवंता : विधवा समोर उभी राहून ओरडतेय ना! भावजी, हरियाणातल्या या मानेसरात सगळीकडे बाजरी होती, तेव्हा फौजेतून सुटून तुमच्या दादांनी हे मंडळ काढलं. चार टपरीवाले धरले आणि कंपनीच्या साहेबाच्या दारात रोज जाऊन बसले. तेव्हा ती बस इकडं वळली. बस वळली म्हणून दुकानं आली, दुकानांमागून दिवे, बँक, तुमचे प्रधानजी. आणि तुम्ही त्यांच्याच नावानं तिची वाट अडवलीत?

हिंमतराव : मला वाईट वाटत नाही का? सख्खा भाऊ होता माझा. पण कमान पाडायची नाही, असा ठराव काल झाला. एकमतानं.

शेवंता : एकमतानं कसा? या दुकानाचं सभासदत्व अजून त्यांच्याच नावावर आहे.

हिंमतराव : आहे ना.

शेवंता : मग त्यांचा हात कुणी वर केला?

हिंमतराव : आदर म्हणून दादांची हजेरी आम्ही लावतोच, वहिनी. त्यांच्या नावाचा चहासुद्धा मागवतो.

शेवंता : चहा गेला खड्ड्यात! मत कुणी दिलं?

हिंमतराव : ते... प्रधानजी समजून घेतात.

शेवंता : जिवंतपणी दर मीटिंगला भांडून यायचा तो माणूस! आणि मेल्यावर त्या प्रधानजीच्या हो ला हो करतो? पुढची मीटिंग कधी?

हिंमतराव : आज संध्याकाळी. पण वहिनी, आपल्या मीटिंगला बाई कधी आलेली नाही.

शेवंता : मेलेला माणूस येतो, तिथं बाईचं काय एवढं?

हिंमतराव : येऊन बोलणार काय?

शेवंता : संपतरावांचा विरोध आहे, एवढंच. बसायचं कुठं ते सांगा.

हिंमतराव : दादांची खुर्ची आहे. खिडकीपाशी. रिकामीच ठेवतो आम्ही.

शेवंता : आजपासून नका ठेवू.