मामाजी खाटेवरून उठले तो दिवस

हसू नका, पण आमच्या बोरगावच्या घरी डॉक्टरले जमलं नाही, ते चार वाफ्यायनं केलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माह्या सासऱ्यायनं, मामाजींनी, खाट सोडलीच नाही. डॉक्टर म्हणे, चाला. मामाजी म्हणत, "आता कायचं चालणं, सूनबाई!"

मंग मी त्याइच्या खिडकीसमोरच वांगे लावले. ते खाटेवरून वरडत, "खुरपं खोल घालू नको, मुळं तुटतीन!" मले बरं वाटे. निदान बोलून तं राहिले.

एका सकाळी मी आंघोळ करून राहिली होती, अन् बाहेर कल्ला झाला. शेजारच्या शांताबाईची बकरी वांग्यात घुसली होती. मी ओल्या केसानं पळत आली, तं मामाजी वाफ्यात उभे! हातात बकरीचा कान.

"मामाजी, तुमची काठी कुठी हाय?"

"काठी शोधत बसलो असतो तं सारे वांगे गेले असते!"

मंग त्याइनं सोताच्या पायाकडे पाह्यलं अन् लहान पोरासारखे हसले.

शांताबाई घाबरत घाबरत माफी मागाले आली. मी म्हटलं, "माफी कायची, बाई? उद्याबी सोडजा तिले, याच टायमाले."